असईच्या लढाईतलं 'अमिड'

परवा मेल लिहिता लिहिता टीममधल्या ज्युनियरने विचारलं, "अरे, अमिड आणि बिट्वीन यांत फरक काय?" मी ठोकून दिलं, दोन्हींचं मराठी 'मध्ये'. त्याचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही नाही. मग शनिवारी असईच्या लढाईबद्दल वाचत होतो, तिथे फरक कळला!

असई जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. खेळणा आणि जुई या नद्या तिथे जवळजवळून वाहतात आणि पूर्वेला एकमेकींना मिळतात. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज या भागात उतरली होती. शंभराच्या आसपास तोफा, आणि शिंद्यांचं कवायती पायदळ पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली. समोर ३४ वर्षांचा आर्थर वेलस्ली (हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन). दोन दिवस आधी बदनापूरला ठरलं होतं की त्याने आणि कर्नल स्टीव्हन्सनने वेगवेगळ्या वाटांनी यायचं आणि २४ ला मिळून हल्ला करायचा. वेलस्ली एक दिवस आधी पोचला आणि थांबलाच नाही.

वाटाडे म्हणाले, खेळणेला इथे उतार नाही. पण त्याला पिंपळगाव आणि पलीकडच्या काठावर त्याच्या समोरच दुसरं गाव दिसलं. दोन गावं अशी समोरासमोर असतील तर मध्ये पाण्यातून वाट असणारच! होतीच. (असं डीबगिंग आम्हाला जमलं तर शनिवार मोकळे मिळतील.) फौज दोन नद्यांच्या मध्ये शिरली, म्हणजे दोन्ही बाजू सुरक्षित. हे बिट्वीन. इकडे खेळणा, तिकडे जुई, बोट ठेवून दाखवता येतं.

पुढे सगळं बिघडलं. उजवीकडची तुकडी आणि तिच्यामागे ७४ वी स्कॉटिश पलटण भरकटून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली. उरलेल्यांनी चौकोन केला, आडोशाला प्रेतं. मराठी गोलंदाज तर तोफांपाशीच कापले गेले. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून त्यांच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांचे मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून १,५८४. ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या.

त्या गोलंदाजांच्या इकडे काय आणि तिकडे काय? सगळीकडे धूरच. हे अमिड. म्हणून या शब्दापुढे सहसा धूर, गोंधळ, अफवा असलं मोजता न येणारं काही येतं. मोजता येणाऱ्यांसाठी अमंग आहे. मूळ जुनं इंग्रजी 'ऑन मिडन', म्हणजे मधोमध. त्यातलं मिड आणि आपलं मध्य हे चुलतभाऊ. ग्रीक मेसोसही त्याच घरातला, म्हणून मेसोपोटेमिया म्हणजे नद्यांमधला देश. आणि आपल्या माजघरातला 'माज' म्हणजे मध्यच, तिसऱ्या पिढीतला!

पण एकटं 'मध्ये' इथे पुरत नाही. "गोलंदाज धुरामध्ये उभे होते" म्हटलं तर हिवाळ्यातलं धुकं वाटतं. 'गराड्यात', 'धुमाळीत', 'ऐन माऱ्यात' असं काहीतरी लागतं, नाहीतर त्या माणसांना बाहेर पडायला वाट नव्हती हेच भाषांतरात गळतं. आपल्याकडे बहुतेक वेळा एवढंच सांगतात, की असईला शिंदे हरले.

असो. सोमवारी हे सगळं ज्युनियरला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून मेलमध्ये 'ड्युरिंग' लिहिलं.