एक इंद्रसभा, दोन किनारे

सारसोळ्यात हळद असली की रात्री बेंजो वाजतो. पलीकडच्या सोसायटीतले लोक खिडक्या लावून घेतात आणि म्हणतात, "काय हे गावठी!" इंडोनेशियात एका संगीताला नेमकी हीच शिवी मिळाली: 'काम्पुंगान'. काम्पुंग म्हणजे खेडं किंवा वस्ती. ते संगीत म्हणजे दांगदुत. तबल्यासारख्या वाद्यावरचे 'दांग' आणि 'दुत' हे बोल, त्यांची टिंगल करता करता पडलेलं हे नाव.

यूट्यूबवर दांगदुत लावून बघा. शब्द कळणार नाहीत, पण ठेका आणि गळ्यातल्या हरकती थेट आपल्या जुन्या हिंदी सिनेमातल्या वाटतील. तसं वाटणं बरोबरच आहे. १९५० च्या दशकात तिथे आपले सिनेमे धो धो चालत. एलिया खादाम या गायिकेचं गाजलेलं गाणंच होतं 'बोनेका दारी इंडिया', म्हणजे भारतातली बाहुली.

मला मात्र जास्त रस आहे तो त्याच्याही आधीच्या गोष्टीत, कारण तिथे मराठी धागा सापडतो.

१८५० च्या दशकात लखनौत आगा हसन अमानतनं 'इंद्रसभा' लिहिली. पऱ्या, गाणी, नाच. मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी ती उचलली आणि गावोगाव नेली. पुण्यात पारशी मंडळींची इंद्रसभा पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या डोक्यात आलं की असं मराठीत का नको? ३१ ऑक्टोबर १८८० ला 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटक सुरू झालं.

त्याच कंपन्या बोटीनं रंगून, पेनांग, सिंगापूरकडेही जात होत्या. पेनांगच्या लोकांनी त्यांचं पाहून मलय भाषेत तसेच खेळ सुरू केले. त्यांना आधी 'वायांग पार्सी' म्हणत, पुढे 'बंगसावान'. त्यातल्या मुख्य नायिकेला 'श्री पांगुंग' म्हणत, म्हणजे रंगमंचाची श्री. आणि ती खरोखर बाई असे. आपल्याकडे तेव्हा पुरुषच लुगडं नेसून उभे राहत. हे मलय खेळ जावात पोचले आणि १८९१ मध्ये सुराबायात ऑगस्ट माहियूनं 'कोमेडी स्तांबुल' काढली. माहियू मिश्र युरोपीय वंशाचा, पैसा चिनी व्यापाऱ्याचा, गोष्टी अरबी, नाव इस्तंबूलचं, घाट मुंबईचा. अस्सल इंडोनेशियन म्हणतात ते हे!

म्हणजे किर्लोस्कर आणि माहियू यांच्यात फक्त अकरा वर्षांचं अंतर आहे आणि दोघांच्या मागे एकच कंपनी-नाटक. आपण मात्र एकाला अभिजात म्हणतो आणि दुसऱ्याचं नावही ऐकलेलं नसतं. नक्कल कुणी केली, या वादात मला अर्थ दिसत नाही. दोघांनीही केली, आणि झकास केली.

'गावठी'चा शिक्का पुसायचं काम दांगदुतमध्ये रोमा इरामानं केलं. १९७० च्या दशकात त्यानं आपल्या सोनेता बँडमध्ये डीप पर्पलसारख्या रॉक गिटार आणल्या आणि गाण्यातून धर्माचा उपदेश केला. दांगदुत प्रतिष्ठित झालं. मग २००३ मध्ये इनुल दाराटिस्ता आली. गिरमिटासारखी कंबर फिरवणाऱ्या तिच्या नाचाच्या सीडी गल्लोगल्ली विकल्या जात होत्या. तिच्यावर जाहीरपणे तुटून पडलेल्यांत सगळ्यात पुढे होता रोमा इरामा. इनुल पासुरुआनची, सुराबायापासून जवळच्याच जिल्ह्यातली. तिनं नाचणं थांबवलं नाही.