कळफलकाशी अनोळखी हात

यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते, हा प्रश्न शास्त्राने हाती घेतला त्यास फार काळ लोटलेला नाही. केनेथ क्रेक या मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली असे प्रतिपादन केले की, मनुष्य बाह्य जगाची एक लहानशी प्रतिकृती मनात वागवितो आणि तिच्यावर अजमावून मगच कृतीस प्रवृत्त होतो. या कल्पनेला हिशेबाचे रूप आले ते पुढे चाळीस वर्षांनी. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल या तिघा अमेरिकन अभ्यासकांचा मानव आणि संगणक यांच्या संवादाच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला, आणि या विद्येला जणू तिचे पंचांग मिळाले.

कळ दाबणे, कळफलकावरून हात उचलणे, मनाची तयारी करणे, अशा सुट्या क्रियांना त्यांनी सेकंदांत मोल लावले. मनाच्या तयारीस १.३५ सेकंद, हात हलविण्यास ०.४०. कळ दाबण्यास अव्वल टंकलेखकाला ०.०८ सेकंद पुरे, तर बेताच्या सरावाच्या माणसाला ०.२८ लागतात. बेरीज करावी, की काम किती वेळात उरकेल हे आधीच सांगता येते. (आमच्या जोशीबुवांना असे भाकीत क्वचितच साधले असेल!) कोष्टकाच्या तळाशी मात्र आणखी एक आकडा आहे: कळफलकाशी सर्वस्वी अनोळखी अशा माणसासाठी १.२०. हा हिशेब निष्णाताच्या, बिनचूक कामापुरताच आहे, हे ग्रंथकारांनी स्वतःच सांगून ठेविले होते.

तळाच्या या आकड्यातील माणसाचा विचार करावयाचा तर रायपूरच्या आसपासच्या मुलखाएवढे योग्य स्थळ नाही. मराठी घराण्यात जन्मलेले आणि रायपुरास शिकलेले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढिले. ते वाचणाराचे पत्र होते. बस्तर-कांकेरच्या रानातील गोंडी बोलणारा माणूस त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ती बोलणारे सुमारे २९ लाख. इतक्या लोकांची भाषा, पण शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, वर्तमानपत्रात हिंदी.

२०१० साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. बंगलोरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील बिल थीस यांचे त्यात साहाय्य होते. योजना अगदी साधी. टेलिफोन करावा, यंत्र उलट फोन करते. एक ही कळ दाबली की आपले म्हणणे बोलावे. दोन दाबली की इतरांचे ऐकावे. आलेला मजकूर तपासून पुढे सोडला जाई. बिघडलेला हातपंप, थकलेली मजुरी, गावातील गाणे, सारेच त्यात येई. खासगी रेडिओला बातम्या देण्याची मुभा नव्हती, त्या काळी हे थोडे नव्हे.

इथे ग्रंथातील हिशेब अपुरा पडतो. कळा दोनच, मग वेळ जातो कोठे? ऐकण्यात आणि ध्यानात ठेवण्यात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ सालीच दाखविले होते की, तात्पुरत्या स्मृतीत सातच्या आगेमागेच गोष्टी मावतात. छापील यादीवरून डोळा मागे फिरू शकतो. बोललेले शब्द मात्र हवेत विरतात. यंत्राने सात पर्याय सांगितले, तर ऐकणारा शेवटच्यापाशी येईतो पहिला विसरतो. म्हणून दोन कळांचा तो साधेपणा मला मोठ्या विद्वत्तेचा वाटतो.

पुढे नया रायपूरची माहिती-तंत्रज्ञान संस्थाही या कामात आली. हिंदी वाक्ये गोंडीत आणण्याचे व लिहिलेली गोंडी मोठ्याने वाचून दाखविण्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि लगेच नवी अडचण उभी राहिली. बस्तरची गोंडी वेगळी, गडचिरोलीची वेगळी, आदिलाबादची आणखी वेगळी. निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषिक एकत्र बसून समाईक कोशासाठी शब्द निवडू लागले. कारण यंत्राला गोंडी शिकवावयाची, तर कोणाच्या गावची शिकवावयाची, हे आधी त्यांनाच ठरवावे लागणार होते.