लिस्बनची गच्ची आणि राजाची झोपडी

जुन्या शहरात गेलं की संध्याकाळी कुठल्यातरी गच्चीवर जाऊन बसायचं, हा आम्हा दोघांचा ठरलेला कार्यक्रम. दिवसभर किल्ले, चर्च आणि म्युझियमं पालथी घालून पायांचे तुकडे पडलेले असतात. अशा वेळी चार-पाच मजले वर चढावं, एक थंड बियर समोर घ्यावी आणि दिवसभर जे गल्लीबोळांतून तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं ते एकत्र मांडलेलं बघावं. घरी आईला फोनवर मी "गच्चीवर बसलो होतो" एवढंच सांगतो. पुढचं ती समजून घेते आणि विषय बदलते.

तर मंडळी, अशीच एक गच्ची लिस्बनमधली. मी गेली काही वर्षं जर्मनीत असतो. लाकडाचे सांधे वारंवार ओढाताण झाल्यावर कसे वागतात, यावर पीएचडी केली आणि आता पोटापाण्यासाठीही तेच करतो. म्हणजे दिवसभर लाकूड मोडायचं आणि संध्याकाळी ते का मोडलं याचा रिपोर्ट लिहायचा. लिस्बनला कामासाठी जायचं होतं, बायकोने रजा काढली आणि आम्ही दोन दिवस जास्त राहिलो.

कार्मोच्या पडक्या चर्चच्या बाजूला टेकडीच्या कडेवर ही गच्ची आहे. बियर मागितली तर एक छोटासा ग्लास येतो. इथे त्याला 'इम्पेरियाल' म्हणतात. नाव शाही, माप पाव लिटरपेक्षाही कमी. सोबत मिठाच्या पाण्यात मुरवलेले पिवळे दाणे, थेट आपल्या वालासारखे. साल दातात धरून दाणा पिचकन तोंडात सोडायचा. हे एकदा जमलं की थांबता येत नाही.

समोर पलीकडच्या टेकडीवर साओ जॉर्जचा किल्ला. डावीकडे रोसिओचा चौक, उजवीकडे तेजो नदीचं समुद्रासारखं रुंद पात्र. आणि या सगळ्याच्या मध्ये, खाली खोलगट भागात, बायशा, म्हणजे 'खालचं' शहर. किल्ल्याच्या बाजूच्या आल्फामात गल्ल्या अशा वळवळत जातात की गूगलसुद्धा हात टेकतं. बायशातले रस्ते मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता, मोच्यांचा रस्ता, आपल्याकडे तांबट आळी नि कासार आळी असते तसे. सगळ्या इमारती एका उंचीच्या, खिडक्या एका मापाच्या.

"किती छान एकसारखं आहे ना!" बायको म्हणाली.

तिचं खरं होतं. पण अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी शहराचा एवढा मोठा भाग असा एकसारखा का बांधावा लागला, ते सांगायला मागच्या बाजूला वळून बघावं लागतं. तिथे कार्मोच्या चर्चच्या दगडी कमानी उभ्या आहेत. फक्त कमानी. त्यांच्यावर छप्पर नाही, आकाश आहे.

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमाराला चर्चं माणसांनी भरलेली, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या. तेव्हा जमीन हलायला लागली आणि कित्येक मिनिटं हलत राहिली. आजचे शास्त्रज्ञ या भूकंपाची तीव्रता साडेआठच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त मानतात. दगडी छपरं प्रार्थना करणाऱ्यांवर कोसळली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले. थोड्या वेळाने नदीचं पाणी मागे हटलं आणि मग लाटा होऊन परत आलं. उरलेलं काम मेणबत्त्यांनी आणि चुलींनी केलं. शहर पाच-सहा दिवस जळत होतं. किती माणसं गेली? अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत आहेत.

नदीकाठचा राजवाडा गेला. त्याच वर्षी वसंतात उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह गेलं. 'कासा दा इंदिया' गेलं, म्हणजे भारताशी होणाऱ्या व्यापाराचा कारभार जिथून चालायचा ते कार्यालय, आणि त्यासोबत तिथलं दप्तरही गेलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली, म्हणजे तेव्हा त्याला जेमतेम सोळा वर्षं झाली होती. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाची किती पानं त्या दिवशी नदीकाठी राख झाली असतील, याचा विचार मी त्या गच्चीवर बसून केला आणि आणखी एक इम्पेरियाल मागवली.

पण सगळी पानं गेली नाहीत, आणि याचं श्रेय एका म्हाताऱ्या इंजिनिअरला जातं. मानुएल दा माया त्याचं नाव. वय ७८. हा राज्याचा मुख्य इंजिनिअर होता आणि राजदप्तराचा प्रमुखही होता. हे दप्तर समोरच्या किल्ल्यातल्या एका बुरुजात ठेवलेलं असायचं. बुरुज कोसळला. मायाने ढिगाऱ्यातून कागद काढवून घेतले आणि किल्ल्याच्याच आवारात लाकडी शेड उभारून त्यात ठेवले. गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कने राजाला लिहिलेली पत्रं आज लिस्बनच्या अभिलेखागारात वाचायला मिळतात ती यामुळे.

आणि राजा? राजा जोझे त्या दिवशी कुटुंबासह शहराबाहेर बेलेमला होता, म्हणून वाचला. पण त्याने अशी दहशत घेतली की पुन्हा दगडी छपराखाली राहायला तो तयार होईना. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकूड आणि कापडाचा एक भलामोठा तळ उभारला गेला. लोक त्याला 'शाही झोपडी' म्हणत. युरोपातल्या एका श्रीमंत साम्राज्याचा धनी वीसहून जास्त वर्षं, १७७७ मध्ये मरेपर्यंत, त्या झोपडीत राहिला. (पुढे १७९४ मध्ये ती झोपडी आगीत जळाली. लाकडाचं हे असं असतं.)

इतिहासाच्या पुस्तकांत या राजाची थोडी थट्टा असते. मला ती करवत नाही.

माझं आजोळ उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते आणि चारच्या सुमाराला घरं अंगावर आली. तिकडची घरं माळवदाची. दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचा जाड थर. पाऊस गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर आणखी माती टाकायची, म्हणजे छप्पर वर्षागणिक जड होत जायचं. उन्हाळ्यात त्याच माळवदावर अंथरुणं पडायची. आईच्या लहानपणीच्या सगळ्या गोष्टी माळवदावरच्या आहेत. त्या पहाटे त्या भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचे थोरले मामा आणि मामी त्यांत होते. आजी अंगणात झोपली होती, ती राहिली.

नंतर तिला सरकारी योजनेतलं सिमेंटचं भूकंपरोधक घर मिळालं. तिने त्यात देव ठेवले, डबे ठेवले, आल्या-गेल्याचं पाणी ठेवलं. स्वतः मात्र शेवटपर्यंत बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. मी बारावीत असताना मोठ्या शहाणपणाने तिला समजावलं होतं, "आजी, हे घर पडणार नाही गं." ती म्हणाली, "तेबी पडणार नाही असंच म्हणत होते, बाळा."

असो. परत लिस्बन.

भूकंपाला जेमतेम महिना होतो न होतो तोच, ४ डिसेंबर १७५५ रोजी, मायाने आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. पुढे काय करायचं याचे पर्याय त्यात मांडले होते. शहर होतं तसंच परत बांधायचं? रस्ते रुंद करून बांधायचं? घरांना उंचीची मर्यादा घालायची? सगळा खालचा भाग सपाट करून ढिगाऱ्यावरच नव्याने आखायचा? की हे सोडून बेलेमच्या बाजूला नवं शहर वसवायचं? हे वाचताना मला थेट किल्लारी आठवतं. तिथेही हाच प्रश्न होता, आणि पन्नासाहून जास्त गावं उचलून नव्या जागी नेली गेली. तिथेही सरळ रेषेतले रुंद रस्ते आले आणि जुन्या गल्ल्या, भावकीचे वाडे, पारावरच्या बैठका मागे राहिल्या. लिस्बनने जागा तीच ठेवली, आखणी मात्र पूर्ण बदलली. हे सगळं रेटून नेणारा मंत्री म्हणजे पुढे मार्केस द पोंबाल या पदवीने प्रसिद्ध झालेला माणूस. आराखडा युजेनियो दोस सान्तोस आणि कार्लोस मार्देल यांचा.

आता माझ्या धंद्याचं. या इमारतींच्या आतल्या भिंतींत लाकडाचा सांगाडा आहे. उभे वासे, आडवे वासे आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारखे दोन तिरके. मधल्या जागेत दगड-विटा-चुन्याची भर आणि वरून गिलावा. या सांगाड्याला पोर्तुगीजमध्ये 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजरा. जमीन हलली की दगड तडकतो, गिलावा पडतो, पण पिंजरा वाकतो, सांधे कुरकुरतात आणि हादऱ्याची ताकद त्या कुरकुरीत खर्ची पडते. मजले माणसांच्या अंगावर येत नाहीत. नमुन्याचा पिंजरा चौकात उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि चाचणी घेतली, असं सांगतात. खरं असेल तर जगातल्या पहिल्या भूकंप-चाचण्यांपैकी ती एक. अलीकडे जुन्या इमारतींतून अख्ख्या भिंती काढून प्रयोगशाळेत त्यांना खरोखर हलवून पाहिलं गेलंय. पिंजरा आपलं काम चोख करतो.

याशिवाय आग पसरू नये म्हणून दोन इमारतींमधली भिंत छपराच्याही वर नेलेली. खाली नदीच्या गाळात पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकलेले. बायशातल्या एका बँकेच्या तळघरात हे खुंट बघायला मिळतात. त्यांच्या शेजारीच रोमन काळातली मासे खारवायची टाकीही आहेत. हे लाकूड पाण्याखाली आहे तोवर टिकतं, पाणी खाली गेलं की कुजतं.

म्हणजे वरून जी टापटीप दिसते ती हौसेची कमी आणि धास्तीची जास्त. घाबरलेल्या माणसांनी नीट विचार करून बांधलेलं हे शहर आहे.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही खाली बायशातल्याच एका इमारतीच्या गच्चीवर गेलो. बार झकास. शेवटच्या मजल्यावरून गच्चीकडे जाताना एक प्रशस्त दालन होतं, मध्ये एकही भिंत नाही. मी वेटरला विचारलं, "इथे पूर्वी खोल्या असतील ना?" तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "हो, चार होत्या. नूतनीकरणात भिंती काढल्या. आता कसं मोकळं वाटतं!" लिफ्टही नवीच होती. एका कोपऱ्यात शोभेसाठी भिंतीचा हातभर तुकडा ठेवला होता. त्यात लाकडाची ती फुली, वर छानसा दिवा सोडलेला, आणि दोन्ही टोकं करवतीने साफ कापलेली.

ती इमारत धोकादायक आहे असं मी म्हणत नाही. भिंत काढून आत लोखंड घातलं असेल, हिशोब केला असेल. पण लिस्बनचे इंजिनिअर ही तक्रार बरीच वर्षं करत आलेत. तळमजल्यावर दुकानासाठी भिंत काढ, वर बाथरूमसाठी वासा काप, छपरावर आणखी एक मजला चढव, असं हळूहळू होत राहतं. प्रत्येक जण आपल्यापुरतं थोडंसंच काढतो. २०१९ मध्ये जुन्या इमारतींच्या मोठ्या नूतनीकरणात काही परिस्थितींत भूकंपाचा धोका तपासणं बंधनकारक झालं. २६ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे समुद्रात ५.३ चा धक्का बसला आणि लिस्बन जागं झालं. फारसं नुकसान झालं नाही. माझा पोर्तुगीज सहकारी म्हणाला, "आठवडाभर सगळे भिंतींबद्दल बोलत होते. मग पुन्हा भाड्याबद्दल बोलायला लागले."

मी त्या दालनात भिंत नसलेल्या जागेकडे बघत उभा होतो. बायकोने विचारलं, "अरे, बसायचं ना?"

बसलो. सूर्य बुडताना तेजोचं पाणी तांब्याच्या रंगाचं झालं, खाली कोणीतरी गिटार वाजवत होतं. खोटं कशाला सांगू, मजा आली. पण पहिला ग्लास संपेपर्यंत मी खुर्ची जिन्याजवळ ओढून घेतली होती. बायकोच्या ते लक्षात आलं. ती काही बोलली नाही. तिने फक्त आपली खुर्चीही इकडे सरकवली.

लिस्बनला जाल तेव्हा गच्चीवर जरूर बसा. ते पिवळे दाणे खा. फक्त परतताना लिफ्ट सोडून जिन्याने उतरा, आणि एखाद्या भिंतीला हात लावून बघा. आत कुठेतरी ती फुली असेल. निदान असायला हवी.