नैराश्यात शिथिलीकरण : औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात मानसिक आरोग्याचा विषय निघाला, की चर्चा शेतकरी आत्महत्यांपाशी येऊन थांबते. २०१२ नंतरच्या चार वर्षांत वारंवार पडलेल्या दुष्काळाने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात आलेल्या पुराने शेतकरी कुटुंबांवरील ताण ठळकपणे समोर आला. मात्र टोकाच्या घटनेआधीचे कित्येक महिने माणूस नैराश्यात काढत असतो आणि नेमक्या याच काळात त्याला मदत होऊ शकते. या मदतीचा एक भाग म्हणजे शिथिलीकरण, अर्थात शरीर सैल सोडून मनाचा ताण उतरविण्याचे तंत्र. ते बिनखर्चाचे असून घरच्या घरी करता येते. म्हणूनच त्याचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा दोन्ही जाणून घेणे आवश्यक ठरते.

आजार ओळखण्याची पहिली पायरी

उदासी, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, सततचा थकवा, स्वतःला दोष देणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर ते नैराश्य असू शकते. राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात उस्मानाबादचाही समावेश होता. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या आधारे ताणतणावाखालील व्यक्ती हेराव्यात आणि गरजूंना आरोग्य केंद्र व जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे, अशी त्यामागची कल्पना होती. त्याच वर्षी यवतमाळ व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ही हाती घेण्यात आले.

थकलेले शरीर सैल असतेच असे नाही

दिवसभर शेतात राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला, असा प्रश्न हमखास विचारला जातो. परंतु थकवा आणि शिथिलता या भिन्न अवस्था आहेत. चिंता सतत असेल तर अंग दमूनही जबडा, मान, खांदे आखडलेले राहतात, श्वास उथळ होतो आणि झोप लागत नाही. अमेरिकी वैद्यक एडमंड जेकबसन यांनी याच निरीक्षणावरून स्नायूंच्या क्रमवार शिथिलीकरणाची पद्धत विकसित केली. त्यांचा त्यावरील ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला होता. शवासन व योगनिद्रा या त्याच जातकुळीतल्या पद्धती होत.

श्वासाची लय संथ करणे हा दुसरा मार्ग आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपमाळेची प्रार्थना वा मंत्र म्हणताना श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास उतरल्याचे आढळले. ज्यांना डोळे मिटून स्वस्थ बसणे जड जाते, त्यांना संथ लयीतील नामजप वा हरिपाठ अधिक सोपा वाटू शकतो.

पुरावा काय सांगतो?

ऑस्ट्रेलियातील संशोधक अँथनी जॉर्म व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १५ चाचण्यांचा आढावा घेतला. काहीच उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत शिथिलीकरण करणाऱ्यांनी लक्षणे कमी झाल्याचे सांगितले. मात्र मानसोपचाराइतका त्याचा परिणाम दिसला नाही. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा शिथिलीकरण बरे, परंतु ते उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. ‘गोळ्यांचा काही फायदा नाही’ म्हणून उपचार सोडण्याचा धोका याच काळात अधिक असतो. या दिवसांत झोप आणि बेचैनी थोडी जरी सुधारली, तरी रुग्णाला तग धरणे सोपे जाते.

कसे करावे?

पाठीवर निजावे किंवा भिंतीला टेकून बसावे. उजव्या हाताची मूठ पाच ते सात सेकंद आवळावी, मग एकदम सोडून अर्धा मिनिट हात कसा सैल पडतो याकडे लक्ष द्यावे. याच रीतीने डावा हात, खांदे, चेहरा, पोट, मांड्या आणि पोटऱ्या असा क्रम घ्यावा. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा थोडा लांबवावा, तो कोंडून धरू नये. दररोज पंधरा-वीस मिनिटे, शक्यतो ठरावीक वेळी सराव करावा. दुखरा सांधा वा स्नायू आवळू नये.

सावधगिरी हवीच

काहींना शांत बसल्यावर घबराट वाढल्याचे जाणवते, तर जुन्या आघाताच्या आठवणी उसळतात. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत किंवा सराव थांबवून चालावे. भास वा भ्रम होणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज दीर्घ ध्यान करू नये. तीव्र नैराश्यात तर एकाग्रताच हरपलेली असते. ‘मन लावून करत नाही’ असा ठपका घरच्यांनी ठेवल्यास रुग्णाची अपराधी भावना अधिकच वाढते. बरे वाटू लागले म्हणून औषधे परस्पर बंद करणेही धोक्याचे आहे.

जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी करत असेल, तर त्याला शवासनाचा सल्ला देत बसू नये. त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके कुलूपबंद करावीत आणि तातडीने रुग्णालय गाठावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते.