पुढे ओढलेली शिल्लक

दि. ६ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरी एक विलक्षण मिरवणूक निघाली. हाडे गोठविणाऱ्या थंडीत हजारो नागरिक ईअरी सरोवराच्या काठी असलेल्या क्रीडांगणाभोवती फेर धरून चालत होते. मिरवणूक विजयाची नव्हती. क्लीव्हलँड ब्राउन्स हा त्यांचा फुटबॉल संघ त्या हंगामात सोळा सामने खेळला होता आणि सोळाही हरला होता. मिरवणुकीची वाट मुद्दामच वर्तुळाकार आखलेली होती. विजयांच्या रकान्यातील शून्याचे ते चित्र होते. या उपहासातूनही एक सत्कृत्य घडले. शहरातील भुकेल्यांना अन्न पुरविणाऱ्या संस्थेसाठी त्या निमित्ताने निधी जमला.

परंतु याहून मोठे नवल निराळेच होते. ज्या संघाच्या पदरी एकही विजय नव्हता, त्याच संघापाशी खेळाडूंच्या वेतनावर खर्च करण्यासाठी १० कोटी डॉलरांहून अधिक रकमेची मुभा मोकळी होती. लीगमधील बत्तीस संघांपैकी फारच थोड्यांपाशी इतकी शिल्लक होती. घरात धान्याची कोठारे भरलेली असावीत आणि घरच्यांनी उपाशी निजावे, तसा हा प्रकार होता. ही शिल्लक कोठून आली, ती कशासाठी राखली होती आणि पुढे तिचे काय झाले, याचा इतिहास केवळ क्रीडाप्रेमींनीच नव्हे, तर संसार वा संस्था चालविणाऱ्या कोणीही समजून घ्यावा असा आहे.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ ओळखला जातो, तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात धरून, फेकून वा घेऊन पळून प्रतिपक्षाच्या मुलुखात पाऊल पाऊल पुढे सरकायचे असते. या डावाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि त्याच्या निर्णयावर पुढचे सारे अवलंबून असते. उत्तम क्वार्टरबॅक लाभलेला संघ वर्षानुवर्षे तरतो. तो नसलेला संघ इतर सर्व सामग्री असूनही बुडतो.

या खेळाच्या नॅशनल फुटबॉल लीगने १९९३ साली खेळाडूंच्या संघटनेशी करार केला आणि १९९४ पासून वेतनमर्यादा लागू झाली. एका हंगामात एका संघाने खेळाडूंच्या वेतनापोटी किती रक्कम खर्ची घालावी, याची ती कमाल मर्यादा होय. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लक्ष डॉलर होती. २०१७ साली ती १६ कोटी ७० लक्षांवर पोहोचली होती. धनाढ्य मालकाने पैशाच्या बळावर सारे चांगले खेळाडू आपल्या दारी बांधू नयेत, हा त्यातील हेतू. त्याच्या जोडीला १९३६ पासून चालत आलेली ड्राफ्टची पद्धत होतीच. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी होते आणि सर्वांत दुबळ्या संघाला पहिला मान मिळतो.

२०११ च्या नव्या कराराने या व्यवस्थेत दोन महत्त्वाचे बदल केले. पहिला असा की, एका वर्षी न वापरलेली वेतनमर्यादा संघाला पुढील वर्षाच्या खात्यावर ओढता येऊ लागली. दुसरा बदल नवोदितांच्या वेतनाचा. २०१० साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड याच्याशी सहा वर्षांचा ७ कोटी ८० लक्ष डॉलरांचा करार झाला होता. पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लक्ष डॉलर मिळाले. तात्पर्य, बाजारातील नामांकित खेळाडू महाग राहिले आणि ड्राफ्टमधून येणारे तरुण स्वस्त झाले. पैशापेक्षा निवडीचा हक्क अधिक मोलाचा ठरला. हा अर्थ सर्वांनाच कळला होता. परंतु त्याचा शेवटच्या टोकापर्यंत पाठपुरावा केला तो क्लीव्हलँडने.

क्लीव्हलँडच्या लोकांचे या संघाशी असलेले नाते समजल्याखेरीज त्या प्रयोगाची किंमत कळणार नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या या संघाला पॉल ब्राउन या पहिल्या प्रशिक्षकाचेच नाव मिळाले. १९५० साली नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रवेश करताच त्याने अजिंक्यपद पटकावले. १९५४, १९५५ आणि १९६४ मध्ये पुन्हा मिळविले. त्यानंतर मात्र ते कधीच आले नाही. शहराचाही ओहोटीचा काळ सुरू झाला. १९५० साली नऊ लाखांवर असलेली लोकवस्ती २०२० पर्यंत पावणेचार लाखांच्याही खाली गेली. १९९५ साली मालक आर्ट मोडेल यांनी संघच बॉल्टिमोरला हलविला. नाव, रंग आणि इतिहास तेवढा शहराकडे राहिला आणि १९९९ मध्ये नवा संघ उभा झाला. त्या वर्षापासून २०१७ पर्यंतच्या एकोणीस हंगामांत या संघाच्या विजयांची संख्या पराजयांहून अधिक भरली ती केवळ दोनदा.

जानेवारी २०१६ मध्ये संघाची सूत्रे सॅशी ब्राउन यांच्याकडे आली. ते पेशाने कायदेपंडित. त्यांच्या मदतीला बेसबॉलच्या क्षेत्रात आकडेशास्त्राच्या साहाय्याने नाव कमावलेले पॉल डिपोडेस्टा आले. वारंवार ठिगळे लावून हे वस्त्र टिकणार नाही, ते मुळापासून नवे विणले पाहिजे, असा या मंडळींचा निष्कर्ष होता. त्या वसंतात ॲलेक्स मॅक आणि मिचेल श्वार्ट्झ यांच्यासारखे खंदे खेळाडू दुसऱ्या संघांकडे गेले. ड्राफ्टमधील दुसऱ्या क्रमांकाचा हक्क फिलाडेल्फियाला देऊन त्याच्या मोबदल्यात अनेक हक्क घेतले गेले. २०१६ चा हंगाम एक विजय आणि पंधरा पराजयांवर संपला. परंतु सुमारे ५ कोटी डॉलरांची न वापरलेली मर्यादा पुढील वर्षाच्या खात्यावर ओढली गेली.

आता प्रश्न उभा राहिला तो विनियोगाचा. दुबळ्या संघाने आपली शिल्लक कशी वापरावी? पहिला मार्ग राजमार्ग: बाजारात जाऊन नामांकित खेळाडू आणावेत. परंतु तेथे अडचण अशी की, उत्तम खेळाडूंना त्यांचे मूळ संघ सहसा सोडत नाहीत. बाजारात येतात त्यांत वय झालेले आणि जायबंदी बरेच असतात. शिवाय हरणाऱ्या संघाला त्यांच्यासाठी चढा भाव मोजावा लागतो. दुसरा मार्ग, आपल्याच घरच्या गुणी खेळाडूंना वेळीच दीर्घ करार देऊन बांधून ठेवण्याचा. मार्च २०१७ मध्ये क्लीव्हलँडने या दोन्ही मार्गांचा तारतम्याने अवलंब केला. केव्हिन झाइट्लर आणि जे. सी. ट्रेटर हे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीतील खेळाडू बाहेरून आणले आणि त्याच फळीतील आपल्या जोएल बिटोनिओचा करार वाढविला. भिंत आधी आणि कळस मागाहून, असा हा क्रम होता.

तिसरा मार्ग मात्र या खेळात अपूर्व होता. ह्यूस्टनच्या संघाने २०१६ मध्ये ब्रॉक ऑसवायलर या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा ७ कोटी २० लक्ष डॉलरांचा करार केला होता. वर्षभरातच तो सौदा फसल्याचे दिसून आले. परंतु २०१७ चे १ कोटी ६० लक्ष डॉलर देणे बंधनकारक होते. ९ मार्च २०१७ रोजी क्लीव्हलँडने हे ओझे स्वतःच्या शिरावर घेतले. ऑसवायलरच्या सोबत २०१८ च्या दुसऱ्या फेरीतील निवडीचा हक्क आणि २०१७ च्या सहाव्या फेरीतील एक हक्क ह्यूस्टनने दिला. क्लीव्हलँडने उलट दिला तो चौथ्या फेरीतील एक हक्क. बास्केटबॉलमध्ये असे व्यवहार रूढ होते. फुटबॉलला ते नवे होते. ऑसवायलर क्लीव्हलँडकडून एकही हंगामी सामना न खेळता १ सप्टेंबरला मुक्त झाला. वरवर पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल. वस्तुतः दुसऱ्याचे कर्ज फेडून त्याच्या शेतातील एक सुपीक तुकडा लिहून घेण्यासारखा तो सौदा होता.

हे सारे हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक होते. तथापि हिशेबाच्या वहीत न मांडलेलाही एक खर्च असतो. जो थॉमस हा क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा खेळाडू २००७ साली या संघात आला. त्या दिवसापासून २२ ऑक्टोबर २०१७ पर्यंत तो सलग १०,३६३ डाव एकही न चुकता खेळला. त्या दिवशी त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि मार्च २०१८ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली. २०२३ साली या खेळाच्या गौरवमंदिरात त्याला स्थान मिळाले. परंतु हंगामानंतरच्या बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. वेतनमर्यादेतील शिल्लक पुढील वर्षाच्या खात्यावर ओढता येते. खेळाडूचे वय ओढता येत नाही. प्रेक्षकांचा धीरही फार काळ ओढता येत नाही. सोळाव्या पराजयानंतरची ती शून्याकार मिरवणूक हेच सांगत होती.

धीर सुटला तो मालकांचाही. ७ डिसेंबर २०१७ रोजी सॅशी ब्राउन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि जॉन डॉर्सी आले. पेरणी एकाने करावी आणि मळणी दुसऱ्याने, असे झाले. एप्रिल २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर बेकर मेफील्ड हा क्वार्टरबॅक निवडला गेला. ह्यूस्टनशी झालेल्या दुसऱ्या एका व्यवहारातून लाभलेल्या चौथ्या क्रमांकावर डेंझेल वॉर्ड आला. आणि ऑसवायलरच्या ओझ्याबरोबर आलेल्या हक्कावर पस्तिसाव्या क्रमांकाला निक चब मिळाला. चेंडू घेऊन धावण्यात पुढे लीगमधील अग्रगण्यांत गणला गेलेला हा खेळाडू २०२४ पर्यंत क्लीव्हलँडकडे राहिला. २० सप्टेंबर २०१८ रोजी न्यूयॉर्क जेट्सचा २१–१७ असा पराभव झाला आणि सलग १९ सामन्यांचा विजयाचा दुष्काळ संपला.

३१ डिसेंबर २०१७ रोजी ज्या पिट्सबर्गमध्ये सोळावा पराजय पदरी आला होता, त्याच पिट्सबर्गमध्ये तीन वर्षे आणि दहा दिवसांनी, १० जानेवारी २०२१ रोजी, क्लीव्हलँडने बाद फेरीचा सामना ४८–३७ असा जिंकला. असा विजय या शहराने सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. रक्षक फळीच्या मध्यभागी २०१७ मध्ये आणलेला ट्रेटर होता, चेंडू मेफील्डच्या हाती होता आणि चब धावत होता. शिलकीचे सोने झाले होते.

इतिहास येथेच थांबता, तर ही काटकसरीची साधी बोधकथा ठरली असती. परंतु मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँडने ह्यूस्टनकडून देशॉन वॉटसन हा क्वार्टरबॅक घेतला. त्यासाठी पहिल्या फेरीतील तीन निवडींसह अनेक हक्क दिले आणि पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर संपूर्ण हमीसह कबूल केले. दैवगती अशी की, हाच वॉटसन २०१७ च्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँडकडे असलेल्या बाराव्या क्रमांकावर उपलब्ध होता. तो क्रमांक तेव्हा ह्यूस्टनला देण्यात आला होता. गैरवर्तनाच्या तक्रारींवरून, ज्या त्याने नाकारल्या, लीगने त्याला अकरा सामन्यांसाठी निलंबित केले व ५० लक्ष डॉलर दंड केला. पुढे खांदा आणि नंतर पायाची शीर दुखावल्याने तो फारसा खेळू शकला नाही. कराराचा भार वारंवार नव्याने बांधून पुढील वर्षांवर ढकलण्यात आला. पूर्वी मागील वर्षांची शिल्लक पुढे ओढली जात असे. आता पुढील वर्षांची मिळकत आधीच गहाण पडू लागली. २०२४ च्या हंगामात तीन विजय आणि चौदा पराजय नोंदले गेले.

दोन्ही प्रसंगी वेतनमर्यादेचा नियम तोच होता, संघाचे मालकही तेच होते. फरक होता तो उद्दिष्टाचा. पहिल्या वेळी शिलकीतून अनेक तरुणांना पारखण्याची संधी विकत घेतली गेली. त्यांतील काही चुकले तरी काही फळाला येणारच होते. दुसऱ्या वेळी सारे भांडवल एकाच माणसावर लावले गेले आणि चुकीला जागाच उरली नाही. दुबळ्या संघाने शिलकीतून रक्षकांची फळी उभारावी, घरच्या गुणी माणसांना आधी जपावे, दुसऱ्यांच्या चुकांमधून निवडीचे हक्क मिळवावेत, हा या इतिहासाचा स्पष्ट कौल आहे. मात्र संचयालाही मुदत असते. जो थॉमससारख्या माणसाची उमेद सरण्यापूर्वी कोठाराचे दार उघडावे लागते. वेळेवर उघडलेले कोठार गावाला जगविते. उशिरा उघडले तर धान्य शाबूत असते, पण पंक्तीला बसणारे उठून गेलेले असतात.