सरकारी जाहिरात आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य

निविदा, नोकरभरती, लिलाव, भूसंपादन यांची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी सरकारला वृत्तपत्रांत जाहिराती द्याव्या लागतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. या जाहिरातींवर खर्च होणारा पैसा जनतेचा असतो. तो कोणत्या पत्राला द्यायचा हे मात्र सत्ताधारी ठरवतात, आणि त्यांच्याच कारभाराची झाडाझडती घेणे हे पत्राचे काम असते. सरकारी जाहिरातींचा इतिहास या पेचाभोवती फिरतो.

केंद्राच्या जाहिराती एका ठिकाणाहून देण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुजली. 1 ऑक्टोबर 1955 रोजी तिला जाहिरात व दृश्य प्रचार संचालनालयाचे, म्हणजे 'डीएव्हीपी'चे, रूप मिळाले. राज्यांनी आपापली माहिती खाती उभारली. महाराष्ट्रात हे काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालय पाहते. शासनाच्या यादीवर असलेल्या पत्रांना ठरलेल्या दराने जाहिराती मिळतात. मोठ्या शहरातल्या दैनिकाला खासगी जाहिरातींचा आधार असतो. जिल्हा दैनिकाला आणि तालुक्याच्या साप्ताहिकाला तो अपुरा पडतो, त्यामुळे यादीतून नाव गेले किंवा देयक रखडले तर कागद आणि पगार यांचाच प्रश्न उभा राहतो.

या अवलंबित्वाचा उपयोग सत्तेने उघडपणे केला. सत्तरच्या दशकात हरियाणातील बन्सीलाल सरकारने चंदीगडच्या 'ट्रिब्यून'च्या जाहिराती बंद केल्या आणि ते प्रकरण प्रेस कौन्सिलपुढे गेले. आणीबाणीत तर अशा दडपणाची पद्धतशीर यंत्रणाच तयार झाली. ऑगस्ट 1977 मधील सरकारी श्वेतपत्रिकेतून उघड झाले की वृत्तपत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी करून त्यानुसार जाहिराती दिल्या जात होत्या. 'इंडियन एक्स्प्रेस' आणि 'स्टेट्समन' यांना त्याची झळ बसली.

पुढे न्यायालयांनी मर्यादा आखल्या. तेलुगू दैनिक 'ईनाडू'च्या प्रकरणात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1981 च्या सुमारास स्पष्ट केले की जाहिरात हे बक्षीस किंवा शिक्षा देण्याचे साधन होऊ शकत नाही. 13 मे 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींतून राजकीय प्रचार होऊ नये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशिष्ट माध्यमसमूहांवर मेहेरनजर नको, खपानुसार वर्गवारी करून समान वागणूक द्यावी, असेही त्या निकालात सांगितले आहे. 2016 मध्ये डीएव्हीपीने शंभर गुणांची पद्धत आणली. तीत खपाच्या प्रमाणपत्राला 25, कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीला 20 आणि स्वतःच्या छापखान्याला 10 गुण होते.

तरीही फेब्रुवारी 2019 मध्ये 'ग्रेटर काश्मीर' आणि 'काश्मीर रीडर' यांच्या सरकारी जाहिराती थांबल्या. निषेध म्हणून पुढच्या महिन्यात खोऱ्यातील अनेक दैनिकांनी पहिले पान कोरे सोडले. गुणांची पद्धत खप आणि छापखाना मोजते. जाहिरात रोखण्याचा अधिकार तिने सरकारच्या हातून काढून घेतलेला नाही. म्हणून जाहिरात नाकारल्याचे कारण लेखी देणे, प्रत्येक पत्राला किती रक्कम मिळाली हे नियमित प्रसिद्ध करणे आणि देयके मुदतीत चुकती करणे आवश्यक आहे. मोठी दैनिके न्यायालयात लढू शकतात. छोट्या पत्रांचे स्वातंत्र्य या साध्या नियमांवरच टिकते.