कळलावी : एका रानवेलीचा इतिहास



ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगास खाडी आहे आणि दुसऱ्या अंगास येऊरचे डोंगर. मृगाच्या सरी कोसळल्या कीं ह्या उतारांवर जमिनींत निजलेली एक वेल जागी होते आणि श्रावण-भाद्रपदांत झुडपांवर चढून ज्वाळेसारखीं फुलें धरते. तीच कळलावी. रस्त्याच्या कडेस आतां उंच इमारती उभ्या आहेत. तरी पलीकडच्या रानांत ह्या वेलीचा नेम चुकलेला नाहीं.

तिचा इतिहास तिच्या नांवांतच सांठविलेला आहे. प्राचीन वैद्यांनीं तिचा कंद पाहिला. तो नांगरासारखा वांकडा, म्हणून ती ‘लांगली’ झाली. फूल पाहणाऱ्यांनीं तिला ‘अग्निशिखा’ म्हटलें. तिसरें नांव ‘गर्भपातिनी’. आणि आपल्या ‘कळलावी’चा, म्हणजे कळा आणणारीचा, रोखही तिकडेच आहे. ह्या नांवांत सुइणींचें ज्ञान आहे तसें भयही आहे. कारण कळा आणणारें तेंच विष प्राणही घेतें. आयुर्वेदानें तिची गणना उपविषांत केली, ती उगीच नव्हे.

दक्षिणेंत तिचा मान निराळा. संघकालीन तमिळ कवींनीं ‘कांदळ’ ह्या नांवानें तिला गाइलें. आज ती तमिळनाडूचें राज्यपुष्प आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड ह्यानें मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला व जो १६७८ ते १६९३ ह्या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला, त्यांत ती ‘मेंदोनी’ ह्या मलयाळी नांवानें आली. पुढें १७५३ सालीं लिनियसनें तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ म्हटलें. त्यानें तिचें वैभव पाहिलें. आमच्या सुइणीनें तिची कळ पाहिली.

१८२० सालीं पेलेतिए व काव्हाँतू ह्या फ्रेंच रसायनज्ञांनीं युरोपांतील कोल्चिकम नांवाच्या कंदांतून एक विषारी द्रव्य वेगळें केलें. त्यालाच पुढें कोल्चिसीन म्हणूं लागले. वातरक्तावर त्याचा उपयोग होतो. वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रें दुप्पट करण्याची त्याची शक्ति १९३७ सालीं उघड झाली. तेंच द्रव्य कळलावीच्या कंदांत व बियांत आहे. औषधाला मागणी आली कीं कुदळ रानाकडे वळते, आणि कंद गेला कीं वेलच गेली. तमिळनाडूंतील शेतकरी बियांसाठीं तिची लागवडच करतात. जें रानांतून ओरबाडावयाचें तें शेतांत पिकवावें, हाच त्यांतील धडा.

आपल्या अंगणांतही ती लावतां येते. कंद डोंगरावरून न उपटतां रोपवाटिकेंतून आणावा. ज्येष्ठाच्या आरंभीं फूटभर खोल कुंडींत पालापाचोळ्याचें खत, माती व थोडी रेती घालून तो आडवा ठेवावा. वर दोनतीन इंच माती असावी. अंकुर कंदाच्या टोकाशीं असतो, तें टोक मोडूं देऊं नये. पानांचीं टोकेंच तणाव्यांसारखीं वळतात, म्हणून बारीक काठ्यांचा आधार द्यावा. ऊन हवें, परंतु पाणी तुंबूं नये. फूल उमलतांना हिरवट-पिवळें असतें व दिवसागणिक तांबडें होत जातें. कार्तिकानंतर पानें सुकलीं कीं पाणी बंद करावें. कंद कोरड्या मातींत पुढच्या मृगापर्यंत निजूं द्यावा. बियांपासूनही वेल होते; मात्र तिला फुलें येण्यास तीनचार वर्षें लागतात.

एक सावधगिरी विसरूं नये. वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद रताळें समजून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. हातमोजे घालून काम करावें, मुलें व गुरें दूर ठेवावीं आणि घरगुती औषध म्हणून तिचा उपयोग कदापि करूं नये. चुकून पोटांत गेल्यास तत्काळ इस्पितळ गांठावें.

कोंकणांत हीं फुलें गौरीला वाहतात. रानांतलें फूल खुडलें तर त्याचें बीं धरत नाहीं. कुंडींतलें वाहिलें तर गौरही तृप्त होते आणि डोंगरही. मागील पिढ्यांनीं ह्या वेलीला नांवें दिलीं. आपण तिला जागा द्यावी, एवढेंच मागणें आहे.